कृत्रिम रबर आणि वनस्पतिज तंतू : प्रबलनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाविज्ञान हा आहे. रबराच्या तंत्रविद्येकडे त्याचे लक्ष वळले ते एका पारिभाषिक अडचणीमुळे. रबरात बाहेरून जे पदार्थ मिसळले जातात त्यांच्यासाठी त्या विद्येत दोन निरनिराळ्या संज्ञा आहेत. एक संज्ञा नुसता आकार वाढविणाऱ्या आणि माल स्वस्त करणाऱ्या पदार्थाची. दुसरी, रबराच्या अंगी नसलेले बळ त्याला आणून देणाऱ्या पदार्थाची. मराठीत पहिलीसाठी 'भरणद्रव्य' आणि दुसरीसाठी 'प्रबलक' हे शब्द योजता येतात. परंतु ताग, काथ्या किंवा घायपाताचा वाख कृत्रिम रबरात घातला तर त्याला यांपैकी कोणत्या नावाने संबोधावे, असा प्रश्न आला की कोशाची मदत संपते. कारण तोच तंतू एका मिश्रणात भरणद्रव्य असतो आणि दुसऱ्या मिश्रणात प्रबलक ठरतो. हा भेद तंतूच्या जातीवर अवलंबून नाही. तंतू आणि रबर यांच्यामध्ये जो सांधा असतो त्याच्यावर तो अवलंबून आहे.

हे विधान आज सर्वमान्य आहे. परंतु ते ज्या क्रमाने कळत गेले तो क्रम मोठा उद्बोधक आहे. वनस्पतिज तंतू रबराबरोबर शतकाहून अधिक काळ सुखाने नांदत होते तेव्हा या सांध्याचा विचार कोणाला फारसा करावा लागला नाही. ते तंतू मागे पडू लागले, त्यांची जागा गुळगुळीत धाग्यांनी घेतली, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. आणि त्यातून जी विद्या निर्माण झाली तीच पुढे त्या जुन्या तंतूंना परत बोलावण्यास उपयोगी पडली. या घटनाक्रमाचे स्थूल दर्शन घडविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

रबर आणि कापड यांचा संबंध व्हल्कनीकरणाच्या शोधापेक्षा जुना आहे. चार्ल्स मॅकिंटॉश याने ग्लासगो येथे नॅप्थ्यात विरघळविलेले रबर कापडाच्या दोन थरांमध्ये घालून पाणी न झिरपणारे वस्त्र तयार केले आणि १८२३ मध्ये त्याचे एकस्व घेतले. हे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ताठरे. चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगाने हा दोष घालविण्याचा मार्ग सापडला. तेव्हापासून रबर टिकाऊ झाले, परंतु त्याचा एक स्वभाव कायम राहिला. ते ताणले असता लांबते. वाफेची नळी, यंत्राचा पट्टा किंवा गाडीची धाव यांना लवचीकपणा हवा असतो; अमर्याद लांबणे मात्र त्यांना परवडत नाही. लांबण्याला आवर घालण्याचे काम कापडाकडे आले. रबराने हवा आणि पाणी अडवावे व धक्के सोसावेत, कापडाने ताण सोसावा, अशी ही श्रमविभागणी होती.

जॉन बॉइड डनलप याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवा भरलेल्या धावेचे एकस्व घेतले, तेव्हा त्या धावेलाही कापडाचाच आधार होता. मात्र विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांवरून वर-खाली जातात. गाडी चालू लागली की प्रत्येक फेऱ्यात हे धागे एकमेकांवर घासतात आणि कापड आतल्या आत कापले जाते. यावरचा उपाय १८९० नंतरच्या काही वर्षांत जॉन फुलर्टन पामर याने सुचविला. धागे एकमेकांत न गुंफता एका दिशेने समांतर मांडावेत, प्रत्येक धाग्याभोवती रबर असावे, आणि असे थर एकावर एक तिरपे रचावेत, अशी त्याची कल्पना होती. धावेतील कापडाचे 'दोरी'त रूपांतर झाले ते या मार्गाने. ती दोरी कापसाची होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कापसाचा धागा रबराला धरून राहावा म्हणून त्या काळी कोणतेही खास रसायन वापरावे लागत नसे. कापसाचे सूत म्हणजे इंच-दीड इंच लांबीच्या असंख्य तंतूंना दिलेला पीळ. त्या तंतूंची टोके सुताच्या अंगावर लवेसारखी उभी असतात. मऊ रबर दाबाने त्यांच्याभोवती शिरते आणि व्हल्कनीकरणानंतर घट्ट होऊन त्यांना पकडून ठेवते. हा सांधा यांत्रिक होता. तो आपोआप जुळून येत असल्यामुळे त्याच्या अस्तित्वाची दखल घेण्याचे कारण पडले नाही. जे विनासायास मिळते त्याचे शास्त्र बहुधा उशिरा तयार होते. मातृभाषेचे व्याकरण ती बोलणाऱ्याला ठाऊक नसते, त्यातलाच हा प्रकार म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास प्रबलनाच्या इतिहासातील दुसरी मोठी घटना घडली. रबरात खडू, चिकणमाती, जस्ताची भस्मे इत्यादी चूर्णे मिसळण्याची पद्धत पूर्वीपासून होती. १९०४ मध्ये इंग्लंडातील सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात एस. सी. मोट याला असे आढळले की अतिसूक्ष्म काजळी मिसळल्याने रबराचे बळ लक्षणीय वाढते. पुढील दशकात काजळीचा धावांमध्ये उपयोग सुरू झाला आणि धावेचा रंग पांढऱ्याचा काळा झाला. भरणद्रव्य आणि प्रबलक हा भेद व्यवहारात स्पष्ट झाला तो यानंतर. कण जितका बारीक आणि त्याचा पृष्ठभाग रबराला जितका अधिक चिकटणारा, तितके प्रबलन अधिक, हे हळूहळू लक्षात येऊ लागले.

३

आता कृत्रिम रबराकडे वळू. पहिल्या महायुद्धात जर्मनीने मेथिल रबर तयार केले होते, परंतु ते निकृष्ट असल्यामुळे युद्धाबरोबर त्याचीही समाप्ती झाली. रशियात सर्गेई लेबेदेव्ह याने अल्कोहॉलापासून ब्युटाडाइन आणि त्यापासून रबर बनविण्याची रीत सिद्ध केली व १९३२ मध्ये यारोस्लाव्हल येथे त्या रीतीचा कारखाना सुरू झाला. जर्मनीत वॉल्टर बॉक आणि एडुआर्ड चुंकुर यांनी १९२९ मध्ये ब्युटाडाइन व स्टायरीन यांच्या संयोगाने होणाऱ्या रबराचे एकस्व घेतले. हेच पुढे 'बुना एस' या नावाने प्रसिद्ध झाले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि मलायातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले, तेव्हा अमेरिकेला याच जातीच्या रबराचा आश्रय करावा लागला. तेथे सर्वसाधारण उपयोगाच्या कृत्रिम रबराचे उत्पादन १९४१ मध्ये वर्षाला अवघे २३१ टन होते. १९४५ मध्ये ते महिन्याला ७०,००० टनांपर्यंत गेले, असे नमूद आहे.

या ठिकाणी 'कृत्रिम' आणि 'नैसर्गिक' या दोन शब्दांबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आजच्या चर्चेत ते फार सैलपणे वापरले जातात. लेबेदेव्हच्या रीतीतील अल्कोहॉल धान्य-बटाट्यांपासून निघत असे. अमेरिकेच्या युद्धकालीन योजनेतही, विशेषतः १९४३ मध्ये, ब्युटाडाइनचा मोठा हिस्सा धान्याच्या अल्कोहॉलापासूनच आला. भारतात कृत्रिम रबराचा पहिला कारखाना १९६३ मध्ये बरेलीजवळ सुरू झाला. तोही उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहॉलावर आधारलेला होता. तो पुढे बंद पडला. म्हणजे या रबराचा कार्बन शेतातून आलेला होता आणि तरीही त्याला कृत्रिम म्हणणे योग्यच होते. 'कृत्रिम' हे विशेषण पदार्थाच्या उगमाचे नसून त्याच्या घडणीचे आहे. ही खूणगाठ पुढे उपयोगी पडेल.

घडणीतील हा फरक प्रबलनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. नैसर्गिक रबराचे रेणू अत्यंत नियमित रचनेचे असतात. रबर ताणले की ते एकमेकांशेजारी ओळीने बसतात आणि त्यांचे स्फटिक तयार होतात. कात्झ याने १९२५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हे दाखवून दिले. हे स्फटिक म्हणजे रबराने संकटसमयी स्वतःच उभे केलेले प्रबलक होत. ताण सुटला की ते विरून जातात. ब्युटाडाइन-स्टायरीन रबरात दोन प्रकारचे घटक रेणुशृंखलेत अनियमित क्रमाने येतात, त्यामुळे ओळीने बसण्याची क्रिया होत नाही. परिणामी, काहीही न मिसळता नुसते व्हल्कनीकरण केले तर या रबराचे ताणबळ तशाच नैसर्गिक रबराच्या सुमारे एक-दशांश भरते. नैसर्गिक रबराला प्रबलन हा लाभ आहे, तर या कृत्रिम रबराला ती जीवनावश्यक गरज आहे. काजळी नसती तर युद्धकाळातील कृत्रिम रबर धावेच्या कामी आलेच नसते.

४

काजळीने रबर सुधारले, परंतु दोरीचा प्रश्न निराळाच होता. कृत्रिम रबराच्या धावा चालताना नैसर्गिक रबराच्या धावांपेक्षा अधिक तापत आणि या उष्णतेत कापसाच्या दोरीपेक्षा रेयॉनची दोरी अधिक टिकाव धरी. त्यामुळे युद्धकाळात अवजड वाहनांच्या धावांसाठी रेयॉनचे उत्पादन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आले.

रेयॉन म्हणजे काय, हे येथे विसरता कामा नये. लाकडाचा लगदा दाहक सोड्यात भिजवून, कार्बन डायसल्फाइडाच्या योगाने त्याचा दाट द्राव करून, तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की जो अखंड धागा मिळतो तो व्हिस्कोज रेयॉन. क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ मध्ये ही रीत शोधली. कापूस आणि रेयॉन या दोहोंचे रासायनिक द्रव्य एकच, सेल्युलोज. असे असता रेयॉनची दोरी रबरातून सुटून येऊ लागली. कारण उघड होते. रेयॉनचा धागा अखंड आणि गुळगुळीत असतो. त्याला कापसासारखी लव नसते. शतकभर जो सांधा आपोआप जुळत होता तो द्रव्य तेच असूनही तुटला, आणि तेव्हा प्रथमच हे दिसून आले की रबराला धरणारे सेल्युलोज नसून त्याच्या पृष्ठभागाची ठेवण होती.

यावरील उपाय अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या चार्च आणि मेनी या दोघांनी शोधला. त्याचे एकस्व १९३८ चे आहे. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून होणारी राळ रबराच्या चिकात मिसळून त्यात दोरी बुडवावयाची, वाळवावयाची आणि मग रबरात बसवावयाची, अशी ती रीत आहे. या लेपाचे दोन चेहरे आहेत. राळेचा अंश सेल्युलोजाच्या हायड्रॉक्सिल गटांशी नाते जोडतो; चिकातील रबराचा अंश व्हल्कनीकरणाच्या वेळी भोवतालच्या रबराशी एकजीव होतो. पाण्याची ओढ असलेला तंतू आणि पाण्याचा तिटकारा असलेले रबर यांच्यामध्ये दोघांचीही भाषा जाणणारा हा दुभाषा बसविण्यात आला. नायलॉन आणि त्यानंतर पॉलिएस्टर आले तेव्हा लेपातील घटक बदलावे लागले, परंतु तत्त्व तेच राहिले. पुढे या धाग्यांनी आणि पोलादी तारेने धावेतून कापसाला जवळजवळ पूर्णपणे हद्दपार केले.

वनस्पतिज तंतू मागे का पडले, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ते दुबळे होते म्हणून मागे पडले असे म्हणणे अपुरे आहे. शेतातून येणाऱ्या तंतूची जाडी, लांबी आणि बळ हंगामागणिक बदलते. कारखान्यात ओढलेला धागा मैलोगणती एकसारखा असतो. प्रतिस्पर्ध्याची सरशी मुख्यतः या एकसारखेपणामुळे आणि उष्णता सोसण्यामुळे झाली. सांधा हा कापसाचा एकमेव बळकट पक्ष होता; तोही लेपाच्या शोधाने प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला.

५

परंतु इतिहास येथे थांबत नाही. अखंड दोरी ही रबरात तंतू घालण्याची एक पद्धत झाली. दुसरी पद्धत म्हणजे तंतूचे आखूड तुकडे करून ते रबराच्या लगद्यातच मळणे. दोरी बसविण्यासाठी थर रचावे लागतात, यंत्रसामग्री लागते. आखूड तंतू मात्र नेहमीच्या दोन रुळांच्या यंत्रावर रबराबरोबर मळता येतात. कापसाचा भुगा रबरात घालण्याची चाल जुनी होती, पण त्याचे स्थान भरणद्रव्याचेच होते. माल ताठ होई, आवळण्याचे प्रमाण कमी होई, आणि बळही कमी होई.

आखूड तंतूकडून प्रबलन व्हावयाचे असेल तर काय लागते, याचे गणित १९५० नंतर मांडले गेले. एच. एल. कॉक्स याने १९५२ मध्ये कागद व तत्सम तंतुमय पदार्थांच्या बळाविषयी जो विचार मांडला तो या विषयाचा पाया मानला जातो. तंतूच्या तुकड्याला ताण थेट मिळत नाही; भोवतालच्या द्रव्याकडून त्याच्या पृष्ठभागावरून तो हळूहळू त्याच्यात उतरतो. टोकांशी तो शून्य असतो आणि मध्याकडे वाढत जातो. तुकडा फार आखूड असेल तर ताण पुरता चढण्यापूर्वीच तुकडा संपतो. म्हणून लांबी आणि जाडी यांचे गुणोत्तर महत्त्वाचे. रबरासारख्या मऊ द्रव्यात ते १०० ते २०० च्या दरम्यान असणे इष्ट समजले जाते. काथ्याचा तंतू पाव मिलिमीटर जाड धरला तर १० मिलिमीटर लांबीच्या तुकड्याचे गुणोत्तर अवघे ४० भरते, यावरून अडचण लक्षात येईल. लांबी वाढवावी तर तंतू एकमेकांत गुंततात. मात्र एका बाबतीत वनस्पतिज तंतू काचतंतूंहून सरस आहेत. मळणीच्या वेळी काचेचे तंतू मोडून त्यांचा चुरा होतो. सेल्युलोजाचे तंतू बरेचसे वाकून निभावतात. गुणोत्तर कमी पडले तर ती तूट भरून काढण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे सांधा अधिक बळकट करणे.

त्या दृष्टीने १९६० नंतरच्या दशकात एक महत्त्वाची सोय झाली. रिसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड देणारे हेक्सामेथिलीनटेट्रामीन आणि सूक्ष्म सिलिका हे तीन पदार्थ रबराच्या मिश्रणातच घालावयाचे, म्हणजे लेपातील राळ व्हल्कनीकरणाच्या वेळी जागच्या जागी तयार होऊन तंतू व रबर यांना जोडते. दोरीला बुडवून लेप देता येतो, आखूड तुकड्यांना तसा देणे जिकिरीचे असते. ती अडचण या 'कोरड्या' पद्धतीने दूर केली. गुळगुळीत रेयॉनसाठी जन्मलेले रसायन अशा रीतीने खडबडीत वाखाच्या सेवेस आले.

१९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीत कोरन, बूस्तानी आणि हमेद यांनी लाकडाच्या सेल्युलोजाचे आखूड तंतू प्रक्रिया करून रबरात घालण्याचे प्रयोग केले, आणि 'सँटोवेब' या नावाने असा तंतू बाजारात आला. त्यांच्या कामातून प्रक्रियेच्या हेतूविषयी एक नवी गोष्ट पुढे आली. लाकडाच्या लगद्यातील तंतू हायड्रोजन-बंधांनी एकमेकांना इतके घट्ट धरतात की रबरात ते सुटेपणाने पसरतच नाहीत; त्यांच्या गाठी राहतात. प्रत्येक गाठ ही पुढे चिरेची सुरुवात ठरते. तेव्हा प्रक्रियेने दोन कामे केली पाहिजेत. तंतूंना आधी एकमेकांपासून सोडवावयाचे आणि मग रबराशी जोडावयाचे. या तंतूंचा उपयोग पट्टे, नळ्या यांसारख्या वस्तूंसाठी सुचविला गेला, कारण मळताना आणि मुखातून दाबून काढताना तंतू एका दिशेने वळतात आणि त्या दिशेने माल विशेष ताठ होतो.

६

भारतापुरता विचार करता या विषयाला निराळे महत्त्व आहे. ताग, काथ्या, घायपात, अंबाडी, अननसाच्या पानांचा वाख हे सर्व तंतू येथे पिकतात किंवा टाकाऊ म्हणून उपलब्ध असतात. खरगपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत एस. के. डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये आखूड ताग-तंतूंनी प्रबलित केलेल्या कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइल रबराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास नैसर्गिक रबर आणि ताग यांवरही तेथे काम झाले. कोट्टायम येथील महात्मा गांधी विद्यापीठात साबू थॉमस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये घायपाताचे आखूड तंतू ब्युटाडाइन-स्टायरीन रबरात घालून केलेले संशोधन आणि काथ्याचे तंतू नैसर्गिक रबरात घालून, त्यांवरील अल्कलीच्या प्रक्रियेसह, केलेले संशोधन प्रसिद्ध केले. काथ्या आणि रबर ही दोन्ही पिके ज्या प्रदेशात शेजारी-शेजारी वाढतात त्याच प्रदेशात हा अभ्यास व्हावा, हे स्वाभाविक होते.

या संशोधनांत वापरली गेलेली मुख्य प्रक्रिया मात्र फार जुनी आहे. लँकशरमधील जॉन मर्सर याने १८४४ च्या सुमारास कापसावर दाहक सोड्याचा परिणाम अभ्यासला आणि १८५० मध्ये त्याचे एकस्व घेतले. बाजारात 'मर्सराइज्ड' सूत म्हणून जे मिळते त्याचे नाव या गृहस्थावरून पडले. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते, त्यामुळे तेथे सोड्याचे काम तंतू फुगविण्याचे व त्याची आंतररचना पालटण्याचे असते. काथ्यात लिग्निनाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात जाते, वर मेणाचा थर असतो. तेथे सोडा मेण आणि लिग्निन-हेमिसेल्युलोजाचा काही भाग काढून टाकतो. पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावर खळगे दिसू लागतात, सेल्युलोजाचे हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. म्हणजे गुळगुळीत तंतूला कापसाच्या लवेसारखी पकड कृत्रिमरीत्या प्राप्त करून देण्याचा हा प्रयत्न होय. मात्र प्रक्रिया प्रमाणाबाहेर झाली तर तंतूच दुबळा होतो. शिवाय हायड्रॉक्सिल गट पाणी ओढणारे असल्यामुळे सोडा एकटा पुरत नाही. त्यानंतर राळेची, सिलेनाची, आयसोसायनेटाची किंवा ॲसेटिलीकरणाची जोड द्यावी लागते.

तसे पाहिले तर प्रक्रियेचा आरंभ प्रयोगशाळेत होतच नाही. शेतकरी ताग आणि अंबाडी पाण्यात कुजत घालतो, म्हणजे सालीतील चिकट द्रव्ये सूक्ष्मजीव खाऊन टाकतात आणि वाख सुटा होतो. केरळात नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात सहा ते दहा महिने पुरून ठेवण्याची परंपरा आहे. पाणी कोणते, किती दिवस, किती उष्ण, यावर तंतूचा पृष्ठभाग ठरतो. तंतूला रबर कितपत धरील याचा निम्मा निर्णय अशा रीतीने डबक्याच्या काठावरच होऊन गेलेला असतो. प्रयोगशाळेत एकाच नावाचे तंतू निरनिराळे निकाल देतात, त्याचे एक कारण येथे शोधले पाहिजे.

निष्पन्न काय झाले? नैसर्गिक रबरात थोडेच तंतू घातले तर बळ आधी घटते, कारण ते तंतू रबराच्या स्वतःच्या स्फटिकीभवनात विघ्न आणतात; प्रमाण वाढल्यावरच बळ सावरते. ब्युटाडाइन-स्टायरीन रबराजवळ गमावण्यासारखे स्वतःचे बळ थोडेच असल्यामुळे तेथे तंतूचा लाभ लवकर दिसू शकतो. परंतु तो दिसतो तंतूंच्या दिशेने; आडव्या दिशेने लाभ फार थोडा. लांबण्याची क्षमता तर प्रत्येक वेळी झपाट्याने कमी होते. सांधा नसेल तर यांतील हानी तेवढी पदरी पडते आणि लाभ निसटतो. भरणद्रव्य आणि प्रबलक यांतील सीमारेषा येथे आहे.

७

अलीकडे या संमिश्रांची भलामण 'निसर्गस्नेही' म्हणून केली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहणे आवश्यक आहे. तंतू शेतातून येतो, तो दरवर्षी पुन्हा पिकतो, काजळीसाठी जाळावे लागणारे खनिज तेल काही अंशी वाचते, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्हल्कनीकरण झालेले रबर मातीत सहज कुजत नाही आणि त्यात गुंडाळलेला तंतूही मग कुजण्यास मोकळा राहत नाही. उलट, ज्या मानाने सांधा चांगला त्या मानाने तंतूला पाणी आणि बुरशी यांपासून संरक्षण अधिक. वनस्पतिज तंतूचा विनाशी गुणधर्म झाकणे हेच या प्रक्रियेचे कार्य असल्यामुळे, त्याच गुणधर्माच्या बळावर संपूर्ण वस्तूला निसर्गस्नेही ठरविणे तर्काला धरून होत नाही. 'कृत्रिम' या शब्दाने उगम सांगितला जात नाही, घडण सांगितली जाते, असे वर म्हटले. 'नैसर्गिक' या शब्दालाही तोच न्याय लावला पाहिजे.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना या इतिहासातून एक व्यावहारिक सूचना मिळते. आपल्या भागातील एखादा तंतू घ्यावा, तो रबरात मिसळावा आणि ताणबळाचा आकडा प्रसिद्ध करावा, अशा स्वरूपाचे प्रबंध पुष्कळ होतात. तो तंतू कोणत्या पाण्यात किती दिवस कुजवला होता, त्याच्यातील लिग्निन किती, मळणीनंतर त्याची लांबी किती उरली, आणि तुटलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागावर तंतू उपटून आलेले दिसतात की जागीच तुटलेले दिसतात, हे सांगितल्यावाचून त्या आकड्याला अर्थ येत नाही. तंतू उपटून आला असेल तर सांधा हरला. जागीच तुटला असेल तर सांध्याने आपले काम केले आणि तंतूने आपले. पहिल्या मिश्रणातील तंतूला भरणद्रव्य म्हणावे, दुसऱ्यातील तंतूला प्रबलक म्हणावे. परिभाषेचा जो प्रश्न आरंभी कोशात सुटला नाही, त्याचा निकाल असा सूक्ष्मदर्शकाखाली लागतो.